आफ्रिकेचा ताईत

शनिवार, १ नोव्हेंबर २०२५

ही वही श्रेयानं दिली. म्हणाली, "आबा, एकच गोष्ट तुम्ही दिवसातून दहा वेळा बोलता. लिहून काढत जा, म्हणजे आजीच्या डोक्याला ताप नाय." वच्छला आतून म्हणाली, "व्हय, लई उपकार होतील."

मी सातवी पास आहे. अक्षर बरं आहे. तर लिहितो.

करुणाचे दिवस भरत आले. ती माझ्या नातवाची, इंद्रजीतची बायको. तिला आई नाही, म्हणून बाळंतपण इथंच पुंडलिकनगरला. डॉक्टरनं पंधरा तारखेच्या आसपास सांगितलंय. इंद्रजीत वाळूजला पाळीवर असतो, त्याचा फोन कधी लागतो, कधी लागत नाही. ऐन वेळी रिक्षा नाही मिळाली तर? श्रेया त्याची बहीण, कॉलेजसाठी इथं राहते, पण तीही दिवसभर बाहेर.

दुसरा घोर वरच्या खोलीतल्या भाडेकरूचा. क्यालो नाव. केनिया देशाचा, औषधांचं शिक्षण घेतो. जुलैपासून आहे. पोरगा चांगला आहे, वच्छलाच्या हातचा ठेचा खातो आणि रडतो आणि परत मागतो. ज्वारीचा उंडा पाहून म्हणाला, हमारा मकई का होता है, बाकी सेम. गल्लीतले मात्र म्हणाले, आबा, परदेशी माणूस आहे, सांभाळून. म्हणून मी त्याचा पासपोर्ट जमा करून घेतला. वाळूजला कंपनीच्या फाटकावर मी बावीस वर्षं काढली. आत येणाऱ्याचं कार्ड जमा करायचं, जाताना परत द्यायचं. कार्ड आपल्याकडं असलं की माणूस कुठं जात नाही. पासपोर्ट देवघराच्या कप्प्यात कुलपात ठेवलाय. चावी माझ्या करदोड्याला. हरवायला नको, त्याच्याच भल्याचं आहे.

सोमवार, ३ नोव्हेंबर

आज देवघरातून ताईत काढला. बाळाच्या पाचवीला तो लागतो आणि त्याचा दोरा कुजलाय.

ताईत म्हणजे पत्र्याची चपटी डबी, आगपेटीपेक्षा थोडी मोठी, वर दोरा ओवायला कडी. माझे वडील कारभारी यांनी आफ्रिकेतून आणलेली. वडील दौलताबादहून भांडून मुंबईला पळाले आणि बोटीत बसून केनियात गेले. तिथं गोऱ्या साहेबाच्या घायपाताच्या मळ्यावर मुकादम झाले. सेहेचाळीस साली परत आले, जमीन घेतली. मग दोन मुलं झाली, दोन्ही महिन्याच्या आत गेली. तिसरा मी. देवाला नकोसा वाटावा म्हणून माझं नाव धोंडीराम ठेवलं आणि पाचवीला आईनं ही डबी माझ्या गळ्यात बांधली. मी जगलो. तेव्हापासून घरातल्या प्रत्येक पोराच्या गळ्यात पाचवीला ती बांधतात, बाराव्याला काढून देवघरात ठेवतात. माझी मुलं, इंद्रजीत, श्रेया, सगळे. एकही गेलं नाही. उघडायची नाही, असं वडिलांनी सांगितलेलं.

ओट्यावर बसून डबीवरची हळद खरवडत होतो. पंचाहत्तर वर्षांची हळद, कुंकू, तेल. बोटं पिवळी झाली. क्यालो कॉलेजातून आला, "आबा, नमस्ते" म्हणाला आणि तिथंच थांबला.

"ये किधर से आया?"

म्हटलं, तुमच्या आफ्रिकेतून. माझ्या बापानं आणला. लई शक्ती आहे त्याच्यात. घे, हातात घेऊन बघ.

त्यानं घेतला नाही. दोन्ही हात पाठीमागं नेले, लहान पोरं शिक्षकासमोर करतात तसे. मग वर गेला. वच्छलानं भाकरीला हाक मारली, तर म्हणाला भूक नाही.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

श्रेयाला घेऊन तो खाली आला. तो इंग्रजीत सांगत होता, ती मराठीत.

त्यांच्या देशावर गोऱ्यांचं राज्य होतं. चांगली जमीन गोऱ्यांनी घेतली आणि त्याच जमिनीवर मालकांना मजूर केलं. मजूर पळू नये म्हणून कायदा काढला. सोळा वर्षांवरच्या प्रत्येक काळ्या पुरुषानं कागद बाळगायचा. त्यावर नाव, बापाचं नाव, बोटांचे ठसे, कुणाकडं कामाला, कधीपासून. तो कागद पत्र्याच्या डबीत घालून गळ्यात अडकवायचा. त्याशिवाय गावाबाहेर पाऊल टाकलं की तुरुंग. डबीला ते किपांडे म्हणत.

"त्याचे पणजोबा म्हणायचे," श्रेया सांगत होती, "बकरीच्या गळ्यात घंटा बांधतात, तशी आम्हाला बांधली."

मी चिडलो. म्हटलं, आम्ही त्याला देवात ठेवलंय, रोज हळदकुंकू वाहिलं, याहून मान काय असतो?

क्यालोला तिनं ते सांगितलं. तो मला हिंदीत म्हणाला, "आबा, बच्चे के गले में?"

वच्छला म्हणाली, "त्याला म्हणावं, आमची पोरं जगली त्याच्यानं. भलतंसलतं बोलू नगं."

क्यालो पुढं सांगत होता, गोरे जाऊन साठ वर्षं झाली, तरी तिकडं ओळखपत्राला लोक अजून किपांडेच म्हणतात. त्याचा मामा दुकानात मीठ आणायला जातानासुद्धा खिसा चाचपतो. त्यांच्याकडचा गोऱ्यांचा घायपाताचा मळा तिथंच आहे, मालक आता त्यांच्यातलाच कुणी मोठा माणूस आहे, आणि क्यालोची आई त्याच मळ्यावर पानं कापून म्हातारी झाली. हा पासपोर्ट काढायला त्याला आठ महिने लागले. हे ऐकून श्रेयानं माझ्याकडं पाहिलं. मी पाणी प्यायला उठलो.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

वडील आठवतात. आमच्या शेताच्या बांधावर घायपात होता, सगळ्यांच्याच असतो, त्याचा दोर करतात. वडिलांनी पहिल्याच वर्षी सगळा खणून जाळला. आई म्हणायची, धूर दोन दिवस होता आणि ते दोन दिवस जेवले नाहीत. गळ्यात त्यांनी कधी काही घातलं नाही. लग्नातला हारसुद्धा हातात धरायचे. जेवायला बसले की तोंड दाराकडं. कुणी आलं का, असं मधेच विचारायचे. मी म्हणायचो, कुणी नाही, आण्णा. ते म्हणायचे, नीट बघ.

लहानपणी मला वाटायचं, ते पाहुण्याची वाट बघतात.

शनिवार, ८ नोव्हेंबर

उघडली. मी नको म्हणत होतो. श्रेया म्हणाली, "आबा, निदान बाळाच्या गळ्यात काय बांधतोय ते तरी कळू द्या." क्यालोनं नेलकटरच्या टोकानं झाकण सारलं. आत घडी घातलेला कागद, कापडासारखा मऊ झालेला.

नाव न्झिओका. बापाचं नाव मुटुकू. जिल्हा, गाव. खाली दहा बोटांचे काळे ठसे. उजव्या अंगठ्याच्या ठशात मधोमध एक आडवी चीर, जखमेची असावी. घायपाताचं पान कापताना होते, क्यालो म्हणाला, माझ्या आईलाही आहे. कामावर ठेवल्याची तारीख एकोणीसशे चव्वेचाळीसची. साहेबाची सही. तिच्या शेजारी एक चौकोन कोरा.

"इथं काय पाहिजे होतं?" मी विचारलं.

"छोड़ दिया, ऐसा साइन," क्यालो म्हणाला. सोडल्याची सही नसेल तर मजूर दुसरीकडं कामाला जाऊ शकत नाही, घरी जाऊ शकत नाही. आणि डबीच जवळ नसेल तर फाटकाबाहेरही जाऊ शकत नाही. डबी ज्याच्याकडं, माणूस त्याचा.

मग या न्झिओकाची डबी आमच्या वडिलांकडं कशी?

मी म्हटलं, वडिलांनी जपून ठेवली असेल. हरवायला नको म्हणून. त्याच्याच भल्यासाठी. मुकादमाची जबाबदारी असते.

क्यालोनं कागदाची घडी परत घातली. मला म्हणाला, हे मला द्या. या गावाचं नाव मला माहीत आहे, आमच्यापासून दोन तास. तिथं मुटुकूच्या घरातलं कुणीतरी असेल.

म्हटलं, पाचवी होऊ दे, मग बघू. दोन गेली होती, तिसरा मी. मी कसा देऊ?

रविवार, ९ नोव्हेंबर

दुपारी फाटकाशी कुणीतरी उभं होतं. मी खिडकीतून पाहिलं. उन्हामुळं चेहरा दिसला नाही. उभं राहण्याची तऱ्हा ओळखीची. कंपनीच्या फाटकावर सुटीनंतर कार्ड घ्यायला माणसं तशी उभी राहायची, हात लांब सोडून, घाई आहे पण बोलायची सोय नाही, अशी. बाहेर गेलो तर कुणी नाही. वच्छला म्हणाली, "ऊन लागलंय तुम्हाला. नोव्हेंबरात."

सोमवार, १० नोव्हेंबर

क्यालोची आई आजारी आहे. किडनी. मामाचा फोन आला, लवकर निघ. चौदाचं मुंबईहून विमान आहे. तो खाली येऊन म्हणाला, "आबा, पासपोर्ट चाहिए."

म्हटलं, देतो ना. पोलिसात कळवावं लागेल का ते इंद्रजीतला विचारतो. परत नाही आलास तर मला विचारतील. चौदाला अजून वेळ आहे.

श्रेया म्हणाली, "आबा, दुसऱ्याचा पासपोर्ट ठेवणं कायद्यात बसत नाही."

"मला कायदा शिकवू नको. बावीस वर्षं फाटक सांभाळलंय."

"ते फाटक होतं. हे घर आहे."

उद्या देईन. खरं सांगायचं तर माझा हात होत नाही. तो गेला की ही सगळी गोष्ट बरोबर घेऊन जाणार. तिकडं जाऊन सांगणार की कारभारी मुकादमानं असं असं केलं. आपल्याला तरी कुठं माहीत आहे काय केलं?

मंगळवार, ११ नोव्हेंबर

इंद्रजीतशी बोलणं झालं नाही, त्याला जास्तीची पाळी होती. फाटकाशी आज परत. या खेपेला मी खिडकी लावून घेतली.

बुधवार, १२ नोव्हेंबर

करुणाच्या पोटात सकाळीच दुखायला लागलं. घरात मी, वच्छला आणि क्यालो. तो अनवाणी पळत जाऊन चौकातून रिक्षा घेऊन आला. रिक्षावाल्याला म्हणत होता, "भाई, धीरे चलाव, मगर जल्दी." वच्छला तशा गडबडीतही हसली.

साडेअकराला मुलगी झाली. दोघी ठीक आहेत.

संध्याकाळी तो पेढा घ्यायला खाली आला. पेढा खाल्ला आणि म्हणाला, "आबा, अब पासपोर्ट." तेव्हा माझ्या लक्षात आलं. सोयर सुरू झालं. दहा दिवस देवघराला हात लावायचा नाही. ताईत आधीच बाहेर काढलाय, पण पासपोर्ट आत आहे.

त्याला समजावलं. आमच्यात बाळ झालं की घरच्यांनी देवाला शिवायचं नसतं. माझ्या हातात नाही, रीत आहे. तो ऐकत होता. कळलं की नाही कोण जाणे. म्हणाला, "दस दिन?"

म्हटलं, बावीस तारखेला सकाळी पहिलं काम तुझं.

वाईट वाटलं. पण खोटं सांगत नाही, थोडं मोकळंही वाटलं. ठरवायचं माझ्यावर राहिलं नाही.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

सगळे दवाखान्यात. मी घर राखायला. क्यालो वर येरझाऱ्या घालतोय. दुपारी पावलं ऐकत बसलो होतो आणि तो बाहेरून फाटक उघडून आत आला. मग वर कोण चालत होतं?

त्यानं एकदा देवघराकडं पाहिलं, एकदा माझ्या कमरेकडं.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

आज सगळं लिहितो.

सकाळी फाटकाशी तोच माणूस उभा. हात लांब सोडून. आज खिडकी लावून घेतली नाही. पुढं गेलो. तो क्यालो होता. पायाशी बॅग. मी चहा विचारला, नको म्हणाला. मी आत आलो. दहा वाजले, अकरा वाजले. मुंबईची गाडी गेली असणार. तो तिथंच. शेजारचे येताजाता बघत होते. मी दोनदा देवघरापर्यंत गेलो. चावी हातात धरली. सोयर आहे, बाळ दोन दिवसांचं आहे, आपल्या हातून काही झालं तर. परत आलो.

तीनच्या सुमाराला त्याचा फोन वाजला. तो त्यांच्या भाषेत बोलला, थोडंच. मग फाटकाच्या पायरीवर बसला. फोन बॅगेवर ठेवला, उलटा.

मला कुणी सांगायची गरज नव्हती.

मी अंघोळ न करता, सोयरात, देवघर उघडलं. कुलूप निघेना, दोनदा चावी फिरवली. पासपोर्ट बाहेर काढला, त्यावर हळद सांडलेली. तसाच नेऊन दिला. त्यानं उघडून पाहिला, स्वतःचा फोटो बघितला, खिशात ठेवला. मी म्हटलं, क्यालो, आम्हाला सोयर होतं रे. तो म्हणाला, "हां आबा. रूल था."

शनिवार, १५ नोव्हेंबर

करुणा बाळाला घेऊन घरी आली. बाळाचं नाक माझ्या वडिलांसारखं आहे.

इंद्रजीत माझ्याशी बोलत नाही. त्यानंच क्यालोला उद्याचं दुसरं तिकीट काढून दिलं, आईला पुरायच्या आधी पोचेल म्हणे. आज चारला निघाला. वच्छलानं ठेच्याची बाटली बॅगेत घातली. तिनं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, सोयर-बियर काही पाहिलं नाही.

मी रात्रभर विचार करून ठरवलं होतं. त्या कागदावरचा कोरा चौकोन. सकाळी पेन घेतलं आणि नीट अक्षरात लिहिलं, 'सुटला'. खाली तारीख, आणि सही, कारभारी मुकादम यांचा मुलगा धोंडीराम. डबीत घातला, नवा रेशमी दोरा लावला. आणि जाताना त्याच्या हातात दिला. पाचवीच्या आदल्या दिवशी दिला, हे कुणी लक्षात घ्यावं.

त्यानं झाकण काढून पाहिलं. श्रेयाला विचारलं, काय लिहिलंय. तिनं सांगितलं. मला वाटलं त्याला बरं वाटेल. तो हसला, पण तसं नाही.

"अभी भी साइन आपका ही, आबा," म्हणाला.

दोरा त्यानं सोडवून मला परत दिला. डबी रुमालात गुंडाळून शर्टाच्या खिशात ठेवली. रिक्षा वळेपर्यंत मी फाटकाशी उभा होतो. त्याचं बोलणं काही मला नीट उमगलं नाही. सही चुकली का? श्रेयाला विचारलं तर ती आत निघून गेली.

रविवार, १६ नोव्हेंबर

आज पाचवी. पाटा मांडला, त्यावर सटवाई पुजली. शेजारी कोरा कागद आणि पेन ठेवलं. सटवाई येते आणि बाळाचं नशीब त्यावर लिहिते.

वच्छला म्हणाली, "अहो, गळ्यात काय बांधायचं?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. रेशमी दोरा माझ्या खिशात होता. मी म्हटलं, काही नाही.

"मोकळाच गळा?"

"मोकळाच."

करुणानं बाळाला जवळ ओढलं. ती घाबरली होती, मीही. मी दाराकडं तोंड करून बसलो. मधेच इंद्रजीतला म्हटलं, कुणी आलं का बघ. तो म्हणाला, कुणी नाही, आबा. मी म्हटलं, नीट बघ. म्हटल्यावर माझं मलाच कसंतरी झालं.

सोमवार, १७ नोव्हेंबर

बाळ ठीक आहे. सकाळी दूध प्यायली, शिंकली.

कागद मीच उचलला. लिहिलेलं काही नव्हतं. फक्त खालच्या कोपऱ्यात हळदीचा एक अंगठा उमटलेला. वच्छला म्हणाली, "तुमचाच आहे. चार दिस झाले बोटं पिवळी घेऊन फिरताय, जिथं तिथं लावताय." असेल. माझाच असेल. चष्मा लावून पाहिलं. ठशाच्या मधोमध आडवी रेघ आहे. कागदाची घडीही असू शकते.

शेजारी माझा अंगठा लावून पाहावा, असं मनात आलं.

लावला नाही. कागद दुमडला नाही, कुलपात ठेवला नाही. पाट्यावरच राहू दिला आणि जाऊन फाटकाची कडी काढून ठेवली.